ढेकूण आणला कोणी?

महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी सकाळची मिस्सा आटोपली की आम्ही चौघे वृद्धाश्रमाची वाट धरतो. आमच्यापैकी दोघे निवृत्त शिक्षक, एक बँकेतून निवृत्त झालेले आणि एक घरसंसार सांभाळणारी. वसई तालुक्यातील आमच्या धर्मग्रामापासून वीस मिनिटांच्या अंतरावर, केळीच्या वाडीला लागून ती बैठी कौलारू इमारत उभी आहे. धर्मभगिनी ती चालवतात. एक दालन पुरुषांचे, एक स्त्रियांचे, मध्ये जेवणघर आणि पुढे ऐसपैस ओसरी. सारी मिळून बावीस माणसे तेथे आयुष्याची संध्याकाळ घालवतात. आम्ही कुणाची नखे कापतो, कुणाला वर्तमानपत्र वाचून दाखवतो, कुणाचे निवृत्तिवेतनाचे कागद नीट लावून देतो. फार मोठे असे काही करत नाही. परंतु आपण काही करतो आहोत, याचे समाधान मात्र घरी परतताना मोठे असते. त्या समाधानाला तडा कसा गेला, ते आज सांगावयाचे आहे.

२०२२ च्या जुलै महिन्यातील गोष्ट. बाहेर पाऊस कोसळत होता. स्त्रियांच्या दालनात कोपऱ्यातल्या खाटेवर एक आजी नुकत्याच, म्हणजे जूनमध्ये, राहावयास आल्या होत्या. त्यांचे सारे आयुष्य मुंबईतल्या एका चाळीत गेले होते. मूलबाळ नव्हते, पती निवर्तले आणि खोलीही गेली. येताना त्यांनी एक लोखंडी पेटी आणि एक जाड गोधडी एवढेच बरोबर आणले होते. त्या दिवशी आमच्यापैकी एकीने त्यांच्या दंडाला तेल लावावयास घेतले, तो दंडावर ओळीने उठलेल्या लालभडक गांधी दिसल्या. उशीच्या अभ्र्यावर तांबूस ठिपके होते. चादरीचे टोक उचलले तेव्हा गादीच्या शिवणीतून मसुरीच्या डाळीएवढा एक चपटा, तांबूस जीव सरसरत आत दडला. आम्ही एकमेकांकडे पाहिले. कोणीही तो शब्द उच्चारला नाही.

सिस्टरांना बाजूला घेऊन सांगितले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. त्या हळूच म्हणाल्या, "मला ठाऊक आहे. तीन आठवडे झाले. पण कृपा करून बाहेर बोलू नका." त्यांच्या त्या बोलण्याचे आम्हांला मुळीच नवल वाटले नाही. आमच्याही मनात तेच होते. ही गोष्ट बाहेर गेली तर लोक काय म्हणतील? देणगीदार काय म्हणतील? ज्यांनी आपले आईवडील विश्वासाने येथे ठेवले आहेत, ते काय म्हणतील?

खरे तर आमच्या पिढीला ढेकूण परका नाही. आमच्या लहानपणी वैशाखाच्या उन्हात घरोघरी खाटा अंगणात निघत. आई सांध्यांवर उकळते पाणी ओती, फटींत रॉकेलचा बोळा फिरवी आणि आम्ही मुले पडणारे ढेकूण मोजत बसू. त्यात कुणाला लाज वाटत नसे. शेजारीण येऊन आपलाच हिशोब सांगे. मग घरोघरी डीडीटी पोहोचली. या रसायनाचे कीटकनाशक गुण शोधून काढणाऱ्या पॉल म्युलर या स्विस शास्त्रज्ञाला १९४८ साली नोबेल पारितोषिक मिळाले होते. पाहता पाहता ढेकूण हा आठवणीतला प्राणी झाला. जे आपल्या घरातून गेले ते जगातून गेले, असा आमचा समज झाला. आणि ज्याच्या घरात ते अद्याप आहे तो गलिच्छ, असा दुसरा समज त्याला येऊन चिकटला. ढेकणाच्या संगतीने हिराही भंगतो, अशी म्हण आपण मुलांना शिकवत आलो. त्यातला हिरा आपण आणि ढेकूण दुसरा, हे अर्थातच गृहीत धरलेले होते.

हे दोन्ही समज चुकीचे होते, हे आम्हांला पुढे कळले. म्युलर यांना पारितोषिक मिळण्याच्या आदल्याच वर्षी, १९४७ मध्ये, हवाई बेटांवरील पर्ल हार्बर येथल्या नौदलाच्या बराकींत डीडीटीला दाद न देणारे ढेकूण आढळले होते. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून तर ढेकूण अमेरिकेत, युरोपात आणि ऑस्ट्रेलियात, तेही नामांकित हॉटेलांत, मोठ्या प्रमाणावर परतले. त्यांना घाण लागत नाही. त्यांना लागते ते झोपलेल्या माणसाचे रक्त आणि लपावयास एक फट. राजवाडा असो की झोपडी, या दोन गोष्टी सर्वत्र मिळतात. मात्र २०२२ च्या जुलैमध्ये आम्हांला यातले काही ठाऊक नव्हते. आम्हांला एकच प्रश्न सुचला आणि तो सर्वांत सोपा होता : ढेकूण आणला कोणी?

उत्तर आमच्या डोळ्यांसमोर बसलेले होते. सर्वांत शेवटी कोण आले? कोपऱ्यातल्या आजी. कोठून आल्या? चाळीतून. अंगावर गांधी कुणाच्या? त्यांच्याच. जुनी पेटी कुणाची, जाड गोधडी कुणाची? त्यांचीच. न्यायालयात इतका पुरावा पुरेसा झाला नसता, आम्हांला झाला. सिस्टर साशंक होत्या. परंतु आम्ही शिकलीसवरलेली, वयाने मोठी माणसे. आमच्या शब्दाला त्यांनी मान दिला. आजींची खाट ओसरीच्या टोकाला हलवण्यात आली. पेटी आम्ही दोघांनी उचलून बाहेरच्या पत्र्याच्या छपराखाली नेऊन ठेवली. आणि गोधडी? ती त्याच छपराखाली, पावसात ओली लाकडे धड पेटत नव्हती म्हणून रॉकेल ओतून, आम्ही आमच्या हातांनी जाळली.

आजी दारात उभ्या राहून पाहत होत्या. त्या रडल्या नाहीत की भांडल्या नाहीत. गोधडी जळून गेल्यावर एवढेच म्हणाल्या, "माझ्या आईची आणि दोन्ही बहिणींची लुगडी होती त्यात." मग वळल्या आणि ओसरीवरच्या आपल्या खाटेवर जाऊन बसल्या. त्यानंतरचे कित्येक रविवार त्यांनी आमच्याकडून तेल लावून घेतले नाही. जेवणघरात त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली, हेही आम्ही पाहिले. आणि काही बोललो नाही.

ऑगस्टच्या आरंभी शहरातून फवारणीवाले बोलावण्यात आले. सारी वृद्ध मंडळी सकाळपासून ओसरीवर आणि जेवणघरात दाटीवाटीने बसली. दालनांत उग्र वासाचे औषध फवारण्यात आले. एका दम्याच्या आजोबांना त्या रात्री अतिशय त्रास झाला. पैसे घेऊन मंडळी निघून गेली. आठ-दहा दिवस सारे शांत होते. आणि पंधराव्या दिवशी पुरुषांच्या दालनातील तीन खाटांवर पुन्हा ढेकूण दिसले. तेव्हा आमच्यातल्या एकाला कुणीतरी सल्ला दिला, की धान्यात ठेवण्याच्या गोळ्या मिळतात, त्या रात्रभर दालनात ठेवा, एकही जीव उरणार नाही. सुदैवाने सिस्टरांनी तो सल्ला तत्काळ धुडकावून लावला. त्या गोळ्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या असतात. हवेतील ओलाव्याने त्यांतून फॉस्फीन नावाचा प्राणघातक वायू निघतो आणि तो भिंतीच्या फटींतून शेजारच्या खोलीतही जातो. ढेकूण मारण्यासाठी घरात ठेवलेल्या या गोळ्यांनी आपल्या देशात माणसे, लहान मुलेसुद्धा, दगावलेली आहेत. सामान्य माणसाने त्या घरात वापरणे कायद्यालाही मान्य नाही. बावीस दुबळ्या फुप्फुसांच्या माणसांमध्ये आम्ही ते ठेवणार होतो!

शेवटी सिस्टरांनी लाज बाजूला सारली आणि शेजारच्या धर्मग्रामातील एका गृहस्थांना बोलावले. त्यांनी कीटकनियंत्रणाच्या व्यवसायात तीस वर्षे काढली होती. ते आले ते हातात पंप घेऊन नव्हे, तर एक विजेरी, एक जुने ओळखपत्र आणि एक वही घेऊन. दोन तास त्यांनी कोणतेही औषध काढले नाही. प्रत्येक खाट उलटी केली, प्रत्येक गादीची शिवण बोटाने उघडून पाहिली, ओळखपत्राची कड खुर्च्यांच्या वेतातून आणि सांध्यांतून फिरवली, आणि वहीत खाटांचा नकाशा काढून प्रत्येकीपुढे खुणा केल्या. आम्ही मागे मागे फिरत होतो आणि ते शाळामास्तरांच्या शांतपणे सांगत होते.

मादी दिवसाला एक ते पाच अंडी घालते; ती खसखशीच्या दाण्याएवढी असतात आणि फटीत चिकटून बसतात. उष्ण हवेत सहा ते दहा दिवसांत त्यांतून पिल्ले निघतात. पिल्लाला मोठे होईपर्यंत पाच वेळा कात टाकावी लागते आणि प्रत्येक वेळी त्याआधी रक्त प्यावे लागते. सर्वसाधारण फवारणीने अंडी मरत नाहीत. म्हणून एकदा फवारून निघून जाणारा मनुष्य फक्त पंधरा दिवसांचे समाधान विकतो. शिवाय आजकालच्या पुष्कळशा औषधांना ढेकूण सरावलेला आहे. कित्येकदा तो मरण्याऐवजी शेजारच्या दालनात स्थलांतर करतो. ढेकणामुळे माणसांत एखादा रोग पसरतो असे सिद्ध झालेले नाही, हे ऐकून सिस्टरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. परंतु झोप जाते, खाजवून जखमा होतात आणि ढेकूण फार माजले तर अशक्त माणसाचे रक्तही कमी होऊ शकते, असे त्यांनी बजावले.

त्यांचे पुढचे वाक्य आमच्या जिव्हारी लागले. "चावणे आणि गांधी उठणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत," ते म्हणाले. "कित्येकांच्या, विशेषतः म्हाताऱ्या माणसांच्या, अंगावर काहीच उमटत नाही. ते महिनोन्महिने चावून घेतात आणि कुणाला पत्ता लागत नाही. ज्याच्या अंगावर उठते, तो बिचारा आधी पकडला जातो."

मग त्यांनी वही आमच्यापुढे धरली. सर्वांत जास्त खुणा पुरुषांच्या दालनात होत्या. तेथे आजींनी कधी पाऊलही ठेवले नव्हते. सहा गाद्यांच्या शिवणींत काळ्या डागांचे थरच्या थर होते, टाकलेल्या काती होत्या, रिकामी अंडी होती. दोन वेताच्या खुर्च्या आणि एक लाकडी दिवाण यांचीही तीच स्थिती. स्त्रियांच्या दालनातील खुणा ताज्या आणि विरळ होत्या. आजींच्या लोखंडी पेटीत, आजवर तशीच पडून असूनही, एकही खूण नव्हती. "हे सामान येथे केव्हा आले?" त्यांनी विचारले.

सिस्टरांनी देणग्यांची नोंदवही आणली. ती उघडण्याची आम्हांला गरज नव्हती. सहा गाद्या, दोन वेताच्या खुर्च्या, एक दिवाण : एप्रिल २०२२, ईस्टरनंतरचा रविवार. देणार : आमचे मंडळ.

कोरोनाच्या दोन वर्षांत धर्मग्रामातील अनेक घरांतली माणसे गेली होती. घरोघरी रिकाम्या खाटा, न वापरलेल्या गाद्या पडून होत्या. त्या वृद्धाश्रमाला द्याव्यात, अशी कल्पना आम्हांला सुचली. आम्ही भाड्याचा टेम्पो करून दारोदारी फिरलो. बरेच सामान महिनाभर एका बंद गोदामात पडून होते. कोणत्या घरातून कोणती गादी आली, हे आज सांगता येणार नाही. ते शोधण्याची इच्छाही आता आम्हांला नाही. आम्ही एकही शिवण उघडून पाहिली नव्हती. फुकट मिळालेली वस्तू आणि घेणारी म्हातारी माणसे. तपासावयाचे ते काय? त्या दिवशी ओसरीवर आमची छायाचित्रेही काढली गेली होती. ढेकूण आम्ही आणला होता, आणि तो दानाच्या वेष्टनात आणला होता.

पुढचे काम सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत चालले. ते सांगून ठेवतो, कारण वाचकांपैकी कुणाला कधी उपयोगी पडेल. आमच्या सहा गाद्या आणि दिवाण जाड प्लास्टिकमध्ये बांधून, वर 'ढेकूण आहेत' असे लिहून, मोडून टाकण्यात आले; तसे न लिहिता ते रस्त्यावर ठेवले असते तर एखाद्या गरिबाने घरी नेले असते. उरलेल्या गाद्यांना चेन असलेली बंद आवरणे घातली. पन्नास अंशांपलीकडच्या उष्णतेत ढेकूण आणि त्याची अंडी दोन्ही मरतात. म्हणून चादरी, अभ्रे आणि कपडे साठ अंशांच्या गरम पाण्यात धुण्याची व्यवस्था केली. आमच्या आयांचे ऊन पातळ कपड्याला पुरते, परंतु जाड गादीच्या पोटात ते पोहोचत नाही, हेही शिकलो. खाटा भिंतीपासून वीतभर दूर सरकवल्या आणि प्रत्येक पायाखाली गुळगुळीत काठांची वाटी ठेवली. खाटेवर चढू पाहणारा ढेकूण वाटीत अडकतो आणि मोजताही येतो. लोखंडी सांध्यांवर वाफ दिली. औषध मारले ते फक्त फटींत, मोजून, आणि दर दोन आठवड्यांनी, म्हणजे अंड्यांतून निघालेली नवी पिल्ले मोठी होऊन अंडी घालू लागण्याआधी. आजोबांच्या दम्याचा विचार करून त्या दिवशी प्रत्येक वेळी दालन रिकामे करण्यात आले.

सर्वांत कठीण काम औषधाचे नव्हतेच. ते होते सांगण्याचे. गृहस्थांनी स्पष्ट सांगितले होते, की लपवाल तोवर जाणार नाही. कारण भेटीस येणारी माणसे पिशव्यांतून ढेकूण नेतील आणि परत आणतील. सिस्टरांनी बावीसही कुटुंबांना पत्र लिहिले. दोन कुटुंबांनी काही महिने येणे बंद केले. परंतु चार कुटुंबांनी उत्तरादाखल कळवले, की आमच्याही घरी आहेत, आम्ही लाजेने बोललो नव्हतो. धर्मग्रामाच्या सभेत आम्हीही उभे राहिलो आणि एप्रिलचे सामान आमच्याकडून गेले होते, हे सांगितले. सभागृहात शांतता पसरली. बोलून झाल्यावर पाय थरथरत होते. पण छातीवरचे ओझे थोडे हलके झाले होते.

एक मात्र उरले होते. आजींकडे जावयाचे होते. त्यांची खाट सिस्टरांनी नोंदवही पाहिल्याच्याच दिवशी आत नेली होती. आम्ही चौघेही गेलो. आम्ही झाले ते सांगितले, क्षमा मागितली. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "मला ठाऊक होते माझ्यात नाही ते. पण मला विचारले कुणी?" या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. बावीस माणसांच्या त्या घरात आम्ही गाद्या तपासल्या नाहीत, तसेच माणसालाही विचारले नाही.

नाताळपूर्वी आमच्या घरच्या स्त्रियांनी आपापल्या जुन्या साड्या गरम पाण्यात धुऊन, वाळवून एक गोधडी शिवली. टाके अगदी बारीक घातले. ती आम्ही आजींना नेऊन दिली. त्यांनी तिच्यावरून हात फिरवला, टाक्यांचे कौतुक केले आणि घडी घालून पायांशी ठेवली. "चांगली आहे," त्या म्हणाल्या, "ही तुमची. ती माझी होती." त्यात राग नव्हता. जे होते ते त्यांनी सांगितले, इतकेच. क्षमा मिळाली म्हणून हानी भरून निघते असे नाही, हे इतक्या थोड्या शब्दांत आम्हांला आजवर कुणी सांगितले नव्हते.

२०२३ च्या उपवासकाळात गृहस्थांनी शेवटची तपासणी केली. सहा आठवडे एकाही वाटीत काही सापडले नव्हते. त्या दिवसांत संत जान ज्युगां यांचे चरित्र पुन्हा आठवले. फ्रान्समधील ब्रिटनी प्रांतातल्या या सामान्य मोलकरणीने १८३९ च्या हिवाळ्यात एका आंधळ्या, लुळ्या पडलेल्या वृद्धेला घरी आणले आणि आपली स्वतःची खाट तिला दिली. स्वतः ती माळ्यावर निजू लागली. त्या एका खाटेतून गरीब वृद्धांची सेवा करणाऱ्या धर्मभगिनींचा संघ उभा राहिला आणि २००९ साली त्या संत म्हणून घोषित झाल्या. ही कथा आम्ही अनेकदा ऐकली आणि सांगितलीही होती. तिचा अर्थ मात्र आता कळला. त्यांनी दिली ती नको असलेली खाट नव्हती. रोज ज्यावर निजत, ती होती. आम्ही दिले ते आमच्या घरातील अडचण दूर करणे होते. ज्या गादीवर आपण आज रात्री निःशंकपणे निजणार नाही, ती दुसऱ्याच्या अंगाखाली घालणे याला दान म्हणता येईल का? आमच्या मंडळाने तेव्हापासून एक साधा नियम केला आहे. देण्याची वस्तू आधी उलटी करून, शिवण उघडून पाहावयाची; आणि जी आपण वापरणार नाही, ती द्यावयाची नाही.

आजही दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी आम्ही जातो. नखे कापण्याआधी, वर्तमानपत्र उघडण्याआधी प्रत्येक गादीचे टोक उचलून पाहतो आणि पायांखालच्या वाट्या तपासतो. कोपऱ्यातल्या आजी आता पुन्हा तेल लावून घेतात. आम्ही वाकून पाहू लागलो की त्या मिस्कीलपणे विचारतात, "काय रे पोरांनो, आज कुणी पाहुणा आणलात की काय?"

आम्ही आमच्या पिशव्या ओसरीवरच ठेवून आत आलेलो असतो. "नाही आजी," आम्ही सांगतो. मग त्या दंड पुढे करतात.